क्लच प्लेटा आणि मेस्त्रीची मजुरी

जुन्या मोटारसायकलच्या क्लच प्लेटा बदलणं हा काय लिहिण्याचा विषय झाला, असं कुणी विचारील. संस्कृती म्हटलं की आपण शिगमा, दशावतार, जत्रा, जुनी घरं आणि त्यांची बाल्कांवं यांच्याकडे वळतो. ते योग्यच आहे. पण घरातली एखादी वस्तू बिघडली की माणसं तिचं काय करतात, ती कुणाकडे नेतात, त्याला किती पैसे देतात आणि कोणत्या तोंडाने देतात, यातही त्या समाजाची संस्कृती दिसते. उत्सवापेक्षा कदाचित जास्तच स्पष्ट दिसते, कारण तिथे कुणी बघायला आलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या गाडीच्या प्लेटा झिजल्या असतील तर प्लेटाच बदलाव्यात, अख्खा क्लच नव्हे. आणि ते काम करणाऱ्या मेस्त्रीला त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटतात. पण दुसरी केली नाही तर पहिली होत नाही, आणि आज ती होत नाही याचं मुख्य कारण हेच आहे असं मला वाटतं.

माझ्याकडे १९८७ सालची ३५० सीसीची बुलेट आहे, कास्ट आयर्न इंजिनची. ही गाडी मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि बघता बघता ती आपल्याच देशाची होऊन बसली. १९९४ साली कंपनी आयशरकडे गेली. आता हे इंजिन कारखान्यातून निघत नाही. नव्या बुलेटवर हात बसलेल्याला माझी गाडी दिली तर पहिल्याच चौकात गोंधळ होतो, कारण हिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला! क्लच डाव्या अंगाला, प्रायमरी चेनच्या पेटीत. त्या पेटीचं झाकण मधोमध असलेल्या एकाच नटावर बसलेलं असतं. फूटरेस्ट आणि ब्रेकचं पेडल बाजूला केलं, तो एक नट सोडला आणि खाली तेलासाठी ट्रे धरला की झाकण हातात येतं. इतकं साधं काम.

ज्यांनी क्लच आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन फिरत असतं आणि चाक थांबलेलं असतं. या दोघांना हळूच जोडायचं आणि हवं तेव्हा सोडवायचं, हे क्लचचं काम. एका ड्रममध्ये प्लेटा एकीवर एक रचलेल्या असतात: एक घर्षणाचं अस्तर लावलेली, तिच्यावर एक साधी पोलादी, पुन्हा अस्तराची, पुन्हा पोलादी. अस्तराच्या प्लेटा ड्रमबरोबर म्हणजे इंजिनबरोबर फिरतात, पोलादी प्लेटा मधल्या हबबरोबर म्हणजे गिअरबॉक्सबरोबर. वरून स्प्रिंगांनी सगळी चळत दाबून धरलेली असते. लिव्हर ओढला की दाब सुटतो, प्लेटा एकमेकींपासून मोकळ्या होतात आणि इंजिन एकटंच फिरत राहतं. लिव्हर सोडला की त्या पुन्हा चिकटतात. इतक्या प्लेटा कशाला? तर प्रत्येक प्लेट दोन्ही अंगांनी घासते, त्यामुळे लहानशा जागेत भरपूर पकड मिळते. तेवढीच पकड एका प्लेटेकडून घ्यायची तर पेटी परातीएवढी करावी लागली असती.

म्हणजे हे अस्तर झिजण्यासाठीच घातलेलं असतं. सुरुवातीचा झटका ते आपल्या अंगावर घेतं म्हणून चेन, गिअरचे दाते आणि शाफ्ट वर्षानुवर्षं टिकतात. जुन्या लॅम्ब्रेटा आणि व्हेस्पा स्कूटरच्या क्लचमध्ये हे अस्तर चक्क बुचाचं असे. बूच म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल, आणि जगात सगळ्यात जास्त बूच निघतं पोर्तुगालमध्ये. आपल्याला 'मेस्त्री' आणि 'चावी' हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडूनच मिळाले. गॅरेजात उभं राहिलं की अशा गोष्टी आठवतात. असो.

झिजलेला क्लच आपल्या प्रदेशात फार काळ लपून राहत नाही, कारण इथे घाट आहेत. बेळगावला जाताना चोर्ला घाट चढायला लागलं आणि मूठ पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढला पण गाडी तेवढी पुढे गेली नाही, तर समजावं क्लच घसरतो आहे. सपाटीवर तपासायचं असेल तर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना एकदम ॲक्सिलरेटर द्यावा. आवाज आणि वेग बरोबर वाढले पाहिजेत. बुलेटला आणखी एक खूण आहे. हिची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते. त्यामुळे क्लच फारच गेला असेल तर किक भुसकन खाली जाते आणि इंजिन जागचं हलत नाही. उलट तक्रारही असते: लिव्हर पूर्ण ओढला तरी गाडी पुढे सरकते, न्यूट्रल सापडत नाही, गिअर टाकताना खडखडतो. तिथे प्लेटा घसरत नाहीत, चिकटून राहतात. पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली की हे हमखास होतं. आधी लिव्हर ओढून धरायचा, दोन-तीनदा किक मारून प्लेटा मोकळ्या करायच्या आणि मग गाडी सुरू करायची, ही जुन्या लोकांची रीत आहे. तिच्यात मंत्रतंत्र काही नाही, थंड तेलाने चिकटलेल्या प्लेटा सुटतात, एवढंच.

पण घसरणाऱ्या प्रत्येक क्लचच्या प्लेटा गेलेल्याच असतात असं मुळीच नाही, आणि इथेच मेस्त्रीची परीक्षा होते. चांगला मेस्त्री पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघतो. पहिली, क्लचची वायर. लिव्हर बुडाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळा हलला पाहिजे. तो मोकळा नसेल तर स्प्रिंगा पूर्ण दाबतच नाहीत आणि चांगल्या प्लेटाही घसरतात. दुसरी, गिअरबॉक्सकडचं पुश रॉडचं सेटिंग. तिथेही थोडी मोकळीक लागते. तिसरी, तेल. मोटारीसाठी बनवलेल्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. मोटारीला ती फायद्याची, पण तेलात बुडालेल्या क्लचला घातक. म्हणून डब्यावर 'जॅसो एमए' लिहिलंय का ते बघावं. 'एमबी' लिहिलेलं तेल अशा क्लचसाठी नव्हे. एखाद्याने स्वस्त मिळालं म्हणून मोटारीचं तेल ओतलं आणि क्लच घसरू लागला, तर नव्या प्लेटा टाकूनही तो घसरतच राहणार. तेल बदलायचं सोडून प्लेटा बदलल्या, म्हणजे ताप पोटदुखीचा आणि औषध डोक्याला!

या तीनही गोष्टी ठीक असतील तर झाकण उघडायचं. पुढचं काम मोजमापाचं आहे. अस्तराची जाडी व्हर्नियरने मोजायची आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघायची. पोलादी प्लेट काचेवर ठेवायची आणि कडेने फीलर गेज सारून बघायचा, वाकली असेल तर पाती आत शिरते. तापून निळी-जांभळी पडलेली प्लेट बाजूला काढायची. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजायची. त्या आखडल्या असतील तर नव्या प्लेटांनाही पकड येत नाही, म्हणून प्लेटांबरोबर स्प्रिंगा बदलणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. ड्रमच्या खाचांवर बोट फिरवायचं. प्लेटांच्या कानांनी तिथे बारीक खड्डे पाडलेले असतात. ते वरवरचे असतील तर कानशीने हलकेच सपाट करता येतात. नव्या अस्तराच्या प्लेटा तेलात रात्रभर भिजवायच्या, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच घाटात जळतात. स्प्रिंगांचे स्क्रू एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत, सगळे थोडे थोडे आवळत न्यायचे, म्हणजे प्रेशर प्लेट सरळ उचलते. शेवटी पेटीत लेव्हलच्या स्क्रूतून बाहेर येईपर्यंत तेल घालायचं. या बुलेटला ते अर्ध्या लिटरपेक्षाही कमी लागतं.

हे सगळं दोन-तीन तासांचं काम आहे, रात्रभर भिजवायचा वेळ सोडला तर. आणि या कामात नव्या सामानाचा खर्च थोडा, मेस्त्रीच्या डोक्याचा आणि बोटांचा खर्च जास्त. नेमकी इथेच गोष्ट बिघडते.

काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या दुकानात फक्त प्लेटांचा सेट मागितला. काउंटरवरच्या मुलाने अख्खी क्लच असेंब्ली समोर ठेवली: ड्रम, हब, प्लेटा, प्रेशर प्लेट, सगळं एकत्र बांधलेलं. "सुट्या प्लेटा आम्ही ठेवत नाही. कोण बसवणार? हे टाका, टेन्शन नको." त्याच्यावर मी रागावलो नाही, कारण त्याचं म्हणणं बाजाराच्या हिशेबाने बरोबर होतं. मला हवा तो सेट पुढच्या खेपेला बेळगावात मिळाला. ते शहरच ओतकामाचं आणि मशीनशॉपचं, तिथल्या जुन्या दुकानांत सुटा भाग मागितला तर कुणी चमकत नाही. फोंड्याकडच्या आमच्या मेस्त्रींनी झाकण उघडून, प्लेटा काढून, एक माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बाब, प्लेटी गेल्यो, पूण ड्रम घट आसा." म्हणजे प्लेटा गेल्या, पण ड्रम शाबूत. या एका वाक्यात माझे कितीतरी पैसे वाचले. त्या वाक्याची किंमत मात्र बिलात कुठल्याच ओळीत लिहिलेली नव्हती.

आता आपण बिल कसं देतो ते बघा. सामानाच्या छापील किमतीवर आपण अवाक्षर काढत नाही. एमआरपी म्हणजे जणू ब्रह्मवाक्य. पण खाली 'मजुरी' दिसली की आपला आवाज चढतो. "एवढ्याशा कामाला एवढे? दोन तास तर लागले! शंभर कमी करा." मेस्त्रीही माणूसच. त्याला कळतं की नेमका दोष शोधण्याबद्दल गिऱ्हाईक पैसे देत नाही, नवीन सामान टाकण्याबद्दल देतं. सामानावर त्याला दुकानाकडून सुटतात ते पैसे कुणी कापत नाही, मजुरी मात्र दर वेळी कापली जाते. मग त्याने व्हर्नियर काढून जाडी कशासाठी मोजावी? काचेवर प्लेट ठेवून वाकलीय का ते का बघावं? अख्खी असेंब्ली टाकली की काम अर्ध्या वेळात होतं, तक्रार येत नाही आणि सुटतंही जास्त. याला आपण मेस्त्रीची लबाडी म्हणतो. मी म्हणतो, त्याला हे धडे आपणच शंभर-शंभर रुपये कापून शिकवले.

या म्हणण्यावर हरकती घेता येतील आणि त्या घ्यायलाच हव्यात. पहिली हरकत अशी की कधी कधी अख्खी असेंब्ली बदलणंच योग्य असतं. मान्य. ड्रमच्या खाचा खोल कापल्या गेल्या असतील, हबचे दाते खाल्ले गेले असतील, तर नुसत्या प्लेटा टाकणं म्हणजे कुजलेल्या वाशावर नवी कौलं चढवणं. पण तो निर्णय झाकण उघडून, बघून झाला पाहिजे, काउंटरवर नव्हे. दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. आपल्याकडे पिवळ्या मडगार्डची गाडी चालवणारा पायलट आहे. गाडी एक दिवस गॅरेजात म्हणजे त्याचा एक दिवस उपाशी. रोज पन्नास ठिकाणी थांबून पुन्हा निघायचं, बाजाराच्या गर्दीत अर्ध्या क्लचवर सरकायचं, रायबंदरला फेरीत चढताना-उतरताना मागे बसलेल्यासकट उतारावर गाडी तोलायची. त्याच्या प्लेटा माझ्या आधी झिजणार. त्याने प्लेटा रात्रभर भिजवत बसावं असं मी सांगणार नाही. त्याने वेळेचा हिशेब करून असेंब्ली टाकली तर तो त्याचा व्यवहार. माझा रोख आहे तो तुमच्या-माझ्यासारख्या माणसांवर, ज्यांना वेळ आहे, ज्यांना जुन्या गाडीचा अभिमान आहे, जे तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि मजुरीला मात्र हात आखडतात.

जुनं ते सगळं सोनं असंही मी म्हणत नाही. गॅरेजातल्या काही जुन्या सवयी बंद व्हायलाच हव्यात. गुळगुळीत झालेल्या प्लेटा पॉलिश पेपरवर किंवा सिमेंटच्या लादीवर घासून पुन्हा बसवायच्या, ही त्यातली एक. जुन्या गाड्यांच्या क्लच आणि ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरत असत. त्याची धूळ श्वासातून आत गेली तर वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकतो, याबद्दल वैद्यकशास्त्रात आता शंका उरलेली नाही. ही घासण्याची कामं बहुतेक वेळा गॅरेजातल्या पोरसवदा मदतनिसाकडे येतात. गिऱ्हाइकाचे पैसे वाचावेत म्हणून त्या मुलाने ती धूळ का खावी? झिजलेली प्लेट फेकायचीच वस्तू आहे, ती बदलावी. तसंच जुन्या तेलाचं. ते गटारात ओतलं की आपल्या लाल मातीतून झिरपत विहिरीपर्यंत जायला त्याला पासपोर्ट लागत नाही. डब्यात साठवून गोळा करणाऱ्याला देणं हाच मार्ग. या दोन्ही गोष्टी करायला वेळ आणि पैसा लागतो, आणि तोही मजुरीतूनच यायचा असतो.

सरकारदरबारीही हा विषय अगदीच अनोळखी नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही त्यात धरलेली आहेत. कंपनीने मॅन्युअल आणि सुटे भाग लोकांना मिळू द्यावेत, हा त्यामागचा विचार, आणि तो चांगलाच आहे. दुसरीकडे २०२१ साली जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण जाहीर झालं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते आणि मग दर पाच वर्षांनी पुन्हा. म्हणजे जुनी गाडी ठेवायची तर ती खरोखर धडधाकट असावी लागते. यात मला काही वावगं वाटत नाही. पण कायद्याने मॅन्युअल मिळेल, पोर्टलवर सुटा भागही मिळेल. ती प्लेट काचेवर ठेवून बघणारा डोळा कुठल्या पोर्टलवर मिळणार? तो गॅरेजात दहा-पंधरा वर्षं काम करून तयार होतो, आणि त्या दहा-पंधरा वर्षांत त्याचं घर चाललं पाहिजे.

विजेच्या स्कूटर आता आपल्या रस्त्यांवर भरपूर दिसतात. त्यांना क्लचच नसतो. उद्या मोटारसायकलीही तशाच होतील, आणि होऊ देत, धूर तरी कमी होईल. क्लच गेला म्हणून मी गळा काढणार नाही. पण झाकण उघड, बघ, मोज, गेलं असेल तेवढंच बदल, ही रीत क्लचबरोबर जाऊ नये. विजेच्या गाडीतही काहीतरी झिजणारच आहे, आणि तिथेही कुणीतरी अख्खा डबा बदलायला सांगणारच आहे. मेस्त्रीचा मुलगा आयटीआयला जाऊन नवं तंत्र शिकेल का, की दुकानातून डबे विकायला लागेल, हे आपण त्याच्या बापाशी आज कसं वागतो त्यावर ठरणार.

तेव्हा पुढच्या वेळी क्लचचं काम निघालं की तीन गोष्टी करून बघा. शक्य असेल तर झाकण उघडताना तिथे उभे राहा आणि जुन्या प्लेटा हातात घेऊन बघा, काही कळलं नाही तर विचारा. चांगला मेस्त्री विचारणाऱ्यावर चिडत नाही, उलट खुलतो. सामान आणि मजुरी बिलात वेगवेगळी लिहून घ्या. आणि मेस्त्री म्हणाला की ड्रम चांगला आहे, नुसत्या प्लेटा पुरे, तर वाचलेल्या पैशांतले थोडे त्याच्या मजुरीत आपणहून वाढवून द्या. तो आधी नको नको म्हणेल. तरी द्या.